धरणाची पातळी वाचणारे थोरले

थोरले एकटे कधी दिसलेच नाहीत. जिन्यात, बसथांब्यावर, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही पाहा, शेजारी दुसरा असायचाच आणि दोघांमध्ये हातभराहून जास्त अंतर नसायचं. त्यांच्या चर्चचा तो नियम. मिशनरी म्हणून दोन वर्षं घर सोडायचं आणि त्या दोन वर्षांत जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी, पट्टीवर 'एल्डर' आणि आडनाव. मॉर्मन हा शब्द मी त्याआधी वाचला असेल, पण मॉर्मन माणूस पाहिला तो आमच्या पोरूरच्या इमारतीच्या गच्चीवर, दोरीवर ओले शर्ट घालताना. आणि तो निघाला पिंपरीचा. बाप गॅरेजमध्ये मेकॅनिक. भाषा तर अशी, की चेन्नईत वीस वर्षं काढलेल्या माझ्या कानाला आपलीच लाज वाटावी.

'थोरले' हे नाव माझ्या बाबांनी ठेवलं. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात. आई गेल्यावर ते तिकडे एकटे होते. मग झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ अडखळू लागली, आणि मी त्यांना इथे तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. ठेवलं, हाच शब्द बरोबर आहे. लिफ्ट नाही. आजूबाजूला सगळं तमिळ. बायको नीला शाळेत, मी कारखान्यात. आमच्याशी ते दोनच शब्द बोलायचे, 'पाणी' आणि 'हं'. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं ठेवा. मी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचो आणि विचारायचो, "बाबा, बरं वाटतंय?" ते "हं" म्हणायचे. झालं आमचं बोलणं.

जिन्यात नीलाचा मराठी आवाज ऐकून हा पोरगा एक दिवस जोडीदाराला घेऊन दारात उभा राहिला. "काकू, मराठी ऐकलं म्हणून थांबलो. काही आणायचं-न्यायचं असलं तर सांगा." बाबांनी पलंगावरून त्याच्या पट्टीकडे बोट केलं. तो म्हणाला, "एल्डर, आजोबा. म्हणजे थोरला." बाबांनी त्याला खालीवर न्याहाळलं. वाकड्या झालेल्या तोंडातून, एकेक अक्षर ढकलत ते म्हणाले, "थोरले? मिशी कुठाय?"

नीला स्वयंपाकघरात जाऊन रडली. तीन महिन्यांतलं ते पहिलं वाक्य होतं. जोडीदार राजमहेंद्रीचा तेलुगू मुलगा, थोरल्यांपेक्षा वयाने दोन वर्षांनी मोठा आणि डोकंभर उंच. त्याचं नाव त्याच दिवशी 'धाकले' पडलं. त्याला मराठी कळत नव्हतं. तो स्टुलावर बसून बाबांची नखं कापायचा.

चहा-कॉफी दोघांना वर्ज्य. चेन्नईत कॉफी नाकारणं म्हणजे घराचा अपमान, आणि हे दोघं सगळ्या इमारतीत हात जोडून नको म्हणत फिरले. अर्ध्या इमारतीने पहिल्या आठवड्यातच त्यांच्यावर फुली मारली ती या कॉफीपायी. देवाधर्माचं कारण नंतर शोधलं. नीलाने सुंठ-गुळाचा काढा दिला, तेव्हा थोरल्यांनी तीनदा विचारलं, "काकू, यात कॉफी नाही ना?" बाबा म्हणाले, "पी. मरत नाहीस."

त्या वर्षी मार्गळी, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, खरोखर गार होता. एरवी इथले लोक पारा विसावर आला की कानटोप्या काढतात आणि आम्ही महाराष्ट्रातले हसतो. थोरलेही हसले. "काका, एवढ्या थंडीत पिंपरीला आम्ही पंखा लावून झोपतो." पण वादळ येऊन गेलं, पाऊस थांबेना, समुद्राकडून ओला वारा सुटला, आणि ही पोरं राहत होती गच्चीवरच्या सिमेंटच्या पत्र्याच्या खोलीत. शर्ट तीन-तीन दिवस वाळायचे नाहीत. इस्त्री फिरवून दमट शर्ट अंगात घालायचे आणि बाहेर पडायचे. साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, मग दिवसभर पायपीट, रात्री ठरल्या वेळी दिवा बंद. त्या वयात मी काय करत होतो ते इथे लिहीत नाही.

त्याच दिवसांत सोसायटीने गच्चीवरचा नळ बंद केला. कारण लिहिलं, टाकी धुवायची आहे. आमच्या सगळ्यांच्या नळांना पाणी येतच होतं. टाकी धुणं फक्त त्यांच्या नळापुरतं होतं. आठ दिवस ही पोरं तळमजल्याच्या हौदातून प्लास्टिकच्या घागरी भरून चार मजले चढवत होती आणि त्याच गार पाण्याने त्या वाऱ्यात आंघोळ करत होती. दात वाजत असायचे. आणि तशातही जिन्यात मी भेटलो की, "काका, पाण्याचा कॅन न्यायचाय का वर? आम्ही चाललोच आहोत." मी कॅन द्यायचो. नळाबद्दल एक शब्द बोललो नाही. टाकी धुतलेली नाही हे मला माहीत होतं. इमारतीतल्या चोवीस घरांना माहीत होतं. चोवीस घरांत रोज पूजा होते.

बाबांना खाली उन्हात नेण्याची कल्पना थोरल्यांचीच. मी म्हटलं, तीन मजले, तुम्हाला कशाला त्रास. तो म्हणाला, "आमचा अर्धा तास व्यायामाचा असतो काका. नाहीतरी जोरच काढायचे. त्यापेक्षा आजोबा उचलू." रोज पावणेसातला दोघं खेळाच्या कपड्यांत यायचे, बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे आणि वरातीसारखे खाली उतरवायचे. फाटकापाशी बायका रांगोळी काढत असायच्या, देवळाचा कर्णा पहाटेपासून भजनं ऐकवत असायचा. त्यासाठी कुणी कुणाची परवानगी घेतली नव्हती. कोवळ्या उन्हात खुर्ची ठेवली की थोरले पेपर उघडायचे.

साताऱ्याहून माझी बहीण आठवड्याचे मराठी पेपर गठ्ठा करून पोस्टाने पाठवायची. बातम्या शिळ्या. बाबांना बातम्या नकोच होत्या. त्यांना हवी होती धरणांची पातळी. "कोयना?" थोरले आकडा वाचायचे. "धोम? कण्हेर? उरमोडी?" आकडा ऐकून बाबा डोळे मिटायचे, आणि मग त्या अडखळत्या जिभेवर शब्द यायला लागायचे. कुठल्या फाट्यावर किती पाणी सुटेल, कोणता शेतकरी दार चोरून उघडेल, कालव्याच्या शेपटाला, शेवटच्या टोकाच्या कुठल्या गावाला पाणी पोचणार नाही. थोरले प्रश्न विचारायचे तेही असे, की बाबांना चेव यावा. "आजोबा, आमच्याकडे धरण म्हणजे टँकर. आवर्तन म्हणजे काय असतं?" बाबा चिडायचे. "मराठी ना तू?" आणि कालव्याची पाणीपाळी कशी सोडतात ते समजावत बसायचे.

देवाचं काही बोलले का? एकदा. तेही बाबांनीच विचारलं म्हणून. भारतात त्यांना नियमच तसा, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. बाबा म्हणाले, "तुमचा देव काय म्हणतो?" थोरल्यांनी पाचेक मिनिटं सांगितलं, मनापासून, कान लाल करून. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. आता उरमोडी सांग."

मला हे सगळं माहीत आहे, कारण माझी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याला जाणारी कंपनीची बस सात वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावर यायची आणि मी रोज फाटकाशी उभा राहून हे बघायचो. बाबा हसायचे. मला चेहरा आठवतो. लहानपणी मी तो चेहरा त्यांच्या खात्यातल्या लोकांबरोबर बघितला होता, माझ्याबरोबर कधी नाही. आज पहिल्यांदा लिहितो: मला त्या पोराचा मत्सर वाटायचा. बसमध्ये बसल्यावरही वाटायचा.

पोंगलच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. नीला बाजारात गेली होती. बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या धोतरातला, सभ्य माणूस. बाबांना इथे आणलं त्या दिवशी रुग्णवाहिकेपासून वरपर्यंत माणसं त्यांनीच लावली होती. त्यांच्या हातात इंग्रजीत टाइप केलेली तक्रार होती, खोलीच्या मालकाला आणि त्या मुलांच्या वरिष्ठांना. तीत होतं, की इमारतीतल्या एका आजारी, परावलंबी वृद्धाला सेवेच्या नावाखाली रोज धर्मग्रंथ वाचून दाखवला जातो आणि कुटुंब हवालदिल आहे. "तुमचं घर आहे, सार, म्हणून तुमची सही आधी," ते म्हणाले. मी म्हटलं, तो पेपर वाचतो. ते हसले. "तुम्ही कामावर असता. काय वाचतो तुम्हाला काय माहीत? उद्या लोक म्हणतील, या मराठी कुटुंबाने काहीतरी घेतलं असेल. ओरे ओरु सैन, सार. अव्वळवुदान." एकच सही, बस, तेवढंच.

मी कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, चूक असेल तर बाजूला काढायचा, नसेल तर पास करायचा, हे बावीस वर्षं करतोय. सवयीने मी तो कागद नीट वाचला. आमच्या घराचा क्रमांक चुकला होता. मी पेन काढून तो दुरुस्त केला. आणि बाकीचं धडधडीत खोटं, ज्याचा प्रत्येक शब्द खोटा आहे हे त्या इमारतीत माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, ते पास करून खाली सही केली.

घाबरलो म्हणून केली का? थोडा घाबरलो. इथे राहायचंय, परका माणूस, हे सगळं खरं. पण सही करताना हाताला जो हलकेपणा आला तो भीतीचा नव्हता. उद्यापासून फाटकाशी ते हसणं बघावं लागणार नाही, याचा होता.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. नीलाने दोघांना बोलावून तिळगूळ दिला. धाकल्यांना रिवाज माहीत नव्हता, थोरल्यांनी इंग्रजीत समजावला. मग लाडू घेऊन माझ्यापुढे आले, वाकून नमस्कार केला. "गोड बोला, काका." मी म्हटलं, "तूही." माझ्या तोंडातून आवाज कसा निघाला मला माहीत नाही. आणि संताप येतो तो याचाच, की छान निघाला.

तिसऱ्या दिवशी त्यांना बदलीचा फोन आला. एकेक सुटकेस, तासाभरात खोली रिकामी. चौकशी, खुलासा, काही नाही. पोरांनीही मागितला नाही. कोइंबतूरला चाललो एवढंच माहीत, का ते नाही. निदान मला तरी तसं दाखवलं. ते दारात आले, तेव्हा मी कामावर जायच्या कपड्यांत होतो. थोरले म्हणाले, "काका, आजोबांना भेटून जातो. आजचा पेपर राहिलाय वाचायचा."

मी म्हणालो, "झोपलेत."

आतून स्पष्ट आवाज आला, "कोयना?"

थोरल्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दारातून हललो नाही. हातातला पेपर त्यांनी माझ्याकडे दिला, धरणांच्या चौकोनाभोवती पेनाने रेघ मारलेली होती. "तुम्ही वाचून दाखवा," म्हणाले. "उरमोडी शेवटी वाचा. मुद्दाम थांबवून. त्यांना मजा येते." मग दोघं खाली उतरले, बरोबरीने, एका पायरीवर दोघं.

मी आत जाऊन वाचलं. कोयना, धोम, कण्हेर. उरमोडीपाशी थांबलोही. बाबा भिंतीकडे बघत होते. सेक्रेटरी आले तेव्हा ते याच पलंगावर जागे होते, आणि इंग्रजी कागद वाचता आला नाही तरी सही कशी करतात ते खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला कळतं. ते म्हणाले, "सही केलीस." दोन पूर्ण शब्द, मला उद्देशून. त्यानंतर मार्चअखेर गेले तोवर पुन्हा 'पाणी' आणि 'हं'.

सेक्रेटरींनी भेटायला येऊन मनापासून दुःख व्यक्त केलं. त्यांना काय बोलू? त्यांनी निदान खरं मानून लिहिलं होतं, किंवा मानायची सोय करून घेतली होती. माझ्यासारख्यांची चीड येते मला. शिव्या देत नाही, दगड मारत नाही, फक्त कागद नीट वाचतो, क्रमांक दुरुस्त करतो आणि सही करतो.

थोरले दर सोमवारी फोनवर निरोप पाठवतात. सोमवार त्यांचा कपडे धुण्याचा, घरी बोलण्याचा दिवस. त्यात पाच मिनिटं काढून ते कोइंबतूरहून धरणांचे आकडे पाठवायचे. दोन वर्षं संपून ते पिंपरीला परतले, बापाच्या गॅरेजात लागले, तरी सोमवार चुकला नाही. चारही धरणं, उरमोडी शेवटी, आणि खाली: 'आजोबांना सांगा.' बाबा गेल्याचं मी कळवलं नाही. कळवलं असतं तर ते आले असते, आणि मग दारात उभं राहून मला बोलावं लागलं असतं. दर सोमवारी मी उत्तर देत आलो, 'सांगितलं.'

आज सोमवार आहे. निरोप सकाळीच आला. धरणं भरत आली आहेत, यंदा शेपटाला पाणी पोचेल. 'सांगितलं' असं मी अजून लिहिलेलं नाही. त्याऐवजी हे एवढं लिहिलं, आणि दुसऱ्या कुणी वाचायच्या आधी ते थोरल्यांकडे जाणार आहे. मजकूर दोनदा तपासला. या वेळी दुरुस्त करायला घराचा क्रमांक नाही, आणि पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं खरं आहे. खाली सही करतो.