चाळिसाव्या पातळीवरचा खलाशी

फोन आला तेव्हा मी तळोज्याला, कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होतो. मृणालवहिनींचा फोन. सुहासच्या बायकोने भरदुपारी, तोही गुरुवारी, म्हणजे त्याच्या डायलिसिसच्या दिवशी फोन करावा... हातातला घास मी ताटात ठेवला. "भावोजी, माणगावला या," एवढंच त्या म्हणाल्या. कसा आहे, असं मी विचारलं. मग कुणा पुरुषाने फोन घेतला आणि सांगितलं, की मशीनवर असतानाच रक्तदाब एकदम खाली गेला, तो परत वर आलाच नाही. सुहास त्रेचाळीस वर्षांचा होता. दोन दिवसांनी, शनिवारी, आम्ही खेळायला बसणार होतो. याला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघं श्रीवर्धनच्या शाळेत बरोबर शिकलो. त्याच्या घरची सुपारीची वाडी होती, पण त्याचा जीव यंत्रांत. कॉलेज संपताच त्याने बाजारपेठेत गाळा घेऊन संगणकाचा क्लास काढला आणि अर्ध्या गावाला टायपिंग शिकवलं. दुपारी एक ते चार क्लास बंद असायचा. त्या तीन तासांत शेजारशेजारच्या दोन संगणकांवर आम्ही एकच खेळ खेळायचो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात तुम्ही एक पात्र घडवता, आणि ते लढत, शिकत, चुकत एकेक पातळी वर चढतं. सुहासच्या पात्राचं नाव होतं खलाशी. सुरुवातीला त्याच्यापाशी एक गंजकी सुरी आणि फाटकं घोंगडं, बास. नदीकाठचा एखादा लांडगाही त्याला मारायचा. त्यातून सुहासने मुद्दाम असा प्रकार निवडलेला, की मेलेलं पात्र परत येत नाही, सगळं पहिल्यापासून. असे सहा खलाशी गेले. सातवा टिकला. त्याला चाळिसाव्या, म्हणजे शेवटच्या पातळीवर न्यायला आम्हाला दोन वर्षं लागली. खेळ संपला त्या दुपारी सुहास गाळ्याबाहेर जाऊन उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिला. "आता काय करायचं रे, विन्या?" असं त्याने मला खरोखरच विचारलं होतं.

पुढे मी नोकरीसाठी खारघरला आलो, दोघांची लग्नं झाली, बोलणं सणासुदीपुरतं उरलं. चक्रीवादळात त्याच्या क्लासचे पत्रे उडाले, संगणक भिजले. पडलेली वाडी बघायला जाण्याआधी हा माणूस एका भिजलेल्या संगणकातली डिस्क काढून पुसत बसला होता, असं वहिनी सांगतात. तिच्यात विद्यार्थ्यांच्या याद्या होत्या, आणि खलाशी होता. मग दोन वर्षांत त्याची मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, म्हसळ्यावरून माणगाव, चार तास खुर्चीत, आणि तीच वाट परत.

नेमका त्याच सुमारास त्या जुन्या खेळाचा वाढीव भाग आला. ज्यांची पात्रं शेवटच्या पातळीला पोचलीत अशांसाठीच तो होता. माझी सुट्टी शनिवारी. तो माणगावला खुर्चीतून लॅपटॉपवर, मी खारघरहून, कानात फोनची वायर घालून आम्ही पुन्हा खेळू लागलो. सुया टोचलेला डावा हात त्याला हलवायचा नसे; सगळं उजव्यानेच.

हा वाढीव भाग मूळ खेळाच्या तोडीचा आहे का, यावर आम्ही महिनोन्महिने भांडलो. सुहासचं मत पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं. इथे शत्रू म्हणून डोंगराएवढे राक्षस येतात, शहरंच्या शहरं जळतात, आणि खलाशी एका फटक्यात शंभर जण आडवे करतो. "पण भीती कुठाय?" तो म्हणायचा. "तेव्हा नदी ओलांडायची म्हटलं तरी दहादा विचार करायला लागायचा." मी म्हणायचो, अरे, मोठ्या माणसाच्या अडचणी वेगळ्या असतात, लिहिणाऱ्यांनी त्या चांगल्या दाखवल्यात. त्याला एकच प्रसंग मनापासून आवडला. पहिल्या भागात खलाशाला फुकट पार करणारा नावाडी इथे आजारी भेटतो, आणि खलाशाची एकही विद्या त्याला बरं करू शकत नाही. नुसतं त्याच्या उशाशी बसायचं. तो प्रसंग संपला तेव्हा फोनवर त्याच्या मागे मशीनची पिपाणी वाजत होती... "एवढं जमलंय त्यांना," तो म्हणाला.

आता जे लिहायचं आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात सुहासचा हात मंदावला. बोटांना मुंग्या यायच्या. खलाशी दोनदा मरता मरता वाचला. तो मेला असता तर संपलंच असतं. आमचा खेळ माझ्या संगणकावरून चालायचा. मी एका शुक्रवारी आतले आकडे बदलले आणि खलाशाचं आयुष्य शून्यावर येणारच नाही अशी सोय केली. तीन शनिवार आम्ही जिंकलो. सुहासचा आवाज सुधारल्यासारखा वाटत होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

चौथ्या शनिवारी तो लढाईच्या मध्येच थांबला. खलाशी जाळात उभा, हलेना आणि मरेनाही. मला वाटलं त्याचं नेट गेलं. मिनिटभराने तो शांतपणे म्हणाला, "तू काहीतरी केलंयस."

मी काहीतरी सारवासारव केली.

"आई रोज म्हणते, आज रंग बरा हाय. डॉक्टर म्हणतात, बघू. मृणाल तर रिपोर्टच वाचून दाखवत नाही," तो म्हणाला. "तू तरी नको होतं रे करायला." आणि फोन ठेवला.

दोन शनिवार तो आला नाही. मी माफीचा मेसेज चार वेळा लिहून खोडला. समोरासमोर बोलू, असं स्वतःला सांगत राहिलो. श्रीवर्धन काही परदेशात नाही. तरी गेलो नाही. शेवटी सोमवारी त्याचाच फोन आला. आवाज कोरडा होता. "जुने आकडे घाल. शनिवारी शेवटची लढाई करू." मी म्हटलं, मरेल रे तो. "मरू दे. खेळून मरेल." त्याच दिवशी मी आकडे पूर्ववत केले. माफी तेव्हाही मागितली नाही. शनिवारी मागू, म्हटलं.

तेव्हापासून मी तो खेळ उघडलेला नाही. वाढीव भाग तोडीचा आहे, हे माझं म्हणणं मी आता कुणापुढे मांडणार नाही. शेवटच्या लढाईतला राक्षस ज्या वाड्यात राहतो त्याच्या दाराशी खलाशी अजून उभा असेल. त्याचं आयुष्य आता खरं आहे, एवढंच मला माहीत आहे.

तेराव्यानंतर वहिनींनी मला एक काम सांगितलं. डायलिसिसच्या खोलीत सुहासची एक फळी राहिली होती, तेवढी आणायची. माणगावला गेलो. सिस्टरनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्याने सुताराकडून फणसाच्या लाकडाची फळी करून घेतली होती, खुर्चीच्या दोन्ही हातांवर बसणारी, लॅपटॉप सरकू नये म्हणून कडेला पट्टी मारलेली. त्या खुर्चीत आता माणगावजवळच्या गोरेगावकडच्या एक आजी होत्या. डावा हात तसाच, सुयांसकट, आणि उजव्या हाताने त्या फळीवरच्या ताटलीतले पोहे खात होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमची हाय काय? न्या हां. सिस्टर बोलली म्हणून घेतली मी. मांडीवर ताटली ठरत न्हाय."

"राहू दे," मी म्हटलं.

फळीच्या उजव्या कडेला, मनगट टेकायचं तिथे, लाकूड घासून काळं, गुळगुळीत झालं होतं. आजींनी त्या जागेवर पाण्याचं फुलपात्र ठेवलं होतं. मी थोडा वेळ शेजारच्या स्टुलावर बसलो. त्यांनी सावकाश पोहे संपवले, फुलपात्र बाजूला सरकवून फळी पदराने पुसली आणि मनगट त्याच जागी टेकवून डोळे मिटले.