एकोणीस हजार शंभर साल

सिरसाळ्यातले कॉम्प्युटर क्लासवाले बोलताना समोरच्याकडे न बघता स्क्रीनकडेच बघत. मला नेहमी म्हणत, "गुरुजी, मजकूर पानात ऱ्हाऊ द्या, स्क्रिप्ट येगळ्या फाईलीत ठेवा." मी आळशी. शाळेच्या वेबसाइटच्या वीसही पानांत आजची तारीख दाखवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चिकटवून मोकळा झालो.

दोन हजार साल लागलं आणि प्रत्येक पानावर १९१०० साल दिसू लागलं; स्क्रिप्ट '१९' पुढं सालाचे आकडे जोडायची, आणि ९९ नंतर ते १०० झाले. दुपारी हेडमास्तर वेबसाइट बघायला येणार होते, म्हणून मी क्लासवाल्यांना शाळेत बोलावलं.

"तुमी लईच पुढं गेलात," क्लासवाले म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. सगळ्या पानांतली स्क्रिप्ट काढून आम्ही एका फाईलीत ठेवली. मग एकच ओळ सुधारली. वीसही पानं सरळ झाली.

दुपारी हेडमास्तरांनी पानं बघून विचारलं, "पुढं कधी चूक निघाली तर?"

क्लासवाले म्हणाले, "काळजी न्हाई. गुरुजींनी पयल्यापासूनच येगळी फाईल केलती."