दोन बाटल्या पाण्यावर मोहावीचं वाळवंट

वाळवंट बघायला जायचंय असं मी जाहीर केलं, तेव्हा नवऱ्याने लॅपटॉपमधून मानसुद्धा वर काढली नाही. सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तीन आठवडे सगळ्यांच्या मनात एकच विषय होता आणि तो कुणीच काढत नव्हतं. आमचा एकुलता एक मुलगा नील, वय वर्षं एकोणीस, कॉलेज सोडून इथल्या, अमेरिकेच्या सैन्यात भरती होणार होता. सोमवारी सही करायची होती.

ट्रिपसाठी तोंडदेखलं कारण माझ्याकडे तयार होतं. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात साधे शिपाई होते. त्यांच्यावर आणि त्यांच्या तुकडीतल्या माणसांवर मी दोन वर्षं कादंबरी लिहितेय. त्याच युद्धासाठी अमेरिकेने आपली पोरं कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात तयार केली होती, आणि त्या छावण्यांच्या खुणा अजून आहेत. खरं कारण वेगळं होतं. ते ऊन एकदा अंगावर घेतलं की पोरगं आपोआप ताळ्यावर येईल, असं मला वाटत होतं. नवऱ्याची ऑन-कॉल ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी सहाला गाडी काढली. बारस्टोपर्यंत साडेसहा तास धरा, त्यात बेकर्सफील्डचा ट्रॅफिक वेगळा. बेकर्सफील्ड सोडलं की ट्रकवाल्यांसाठीचे पंजाबी ढाबे लागतात. तिथे जरूर थांबा, दोघांत तीन पराठे पुरतात. गल्ल्यावरच्या काकांनी हिंदीत विचारलं, मुलगा काय करतो. मी कॉलेज म्हणेपर्यंत नीलने सांगून टाकलं की आर्मी जॉइन करतोय. काकांनी उठून त्याची पाठ थोपटली आणि लस्सीचा मोठा ग्लास त्याच्यापुढे ठेवला, वर पैसेही घेईनात. नीलचे कान लाल झाले होते. मी उरलेला पराठा कागदात गुंडाळला.

रात्र बारस्टोच्या एका मोटेलमध्ये काढली. खोली घेण्याआधी एसी चालू करून बघा, बाकी काही बघू नका.

शनिवारी सकाळी निघताना मी नेहमीप्रमाणे दाराशी नीलच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं, स्वतःही घेतलं. दहा मिनिटांनी हायवेवर नील म्हणाला की पाण्याचे दोन्ही मोठे कॅन खोलीतच राहिले, परत फिरू या. मी नाही म्हटलं. दही खाऊन निघालं की मागे फिरायचं नसतं, हे आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलंय, आणि त्या आठवड्यात तर मला कुठलाच अपशकुन परवडणारा नव्हता. पाणी काय, पुढे विकत मिळेल. पुढच्या पंपावर कार्डाने पेट्रोल मिळालं, पण दुकान बंद होतं. आमच्याकडे घरून आणलेल्या दोन स्टीलच्या बाटल्या होत्या, एक त्याची, एक माझी. शिवाय दहीभात, चिवडा, लोणचं. म्हणजे तहान लागायची पुरेपूर सोय मी केली होती.

बारस्टोपासून पूर्वेला दीडएक तासावर हायवे सोडला, मग कच्चा रस्ता. छावणी म्हणजे काय, तर दगड. तंबू गेले, माणसं गेली, पण तंबूंपुढच्या पायवाटांच्या दोन्ही कडांना लावलेले दगड तसेच आहेत. अंगणातल्या आळ्याला लावतो तसे, एकाशेजारी एक. कुण्या विशीतल्या पोराने लढाईवर जाण्याआधी एवढ्या उन्हात बसून ते लावले होते. नील एका वाटेवरून टोकापर्यंत चालत गेला आणि तिथे पाठमोरा उभा राहिला. मी त्याला हाक मारणार होते, ती न मारता गाडीकडे वळले.

परतताना गाडी रुतली. आमची साधी सेडान. अशा रस्त्यावर ती नेऊ नये, हे मी तुम्हाला आता सांगू शकते. मी ॲक्सिलरेटर दाबत गेले आणि चाकं आणखी खाली गेली. फोनला रेंज नाही. सकाळचे अकरा वाजले होते आणि नजर पोचेल तिथवर झाड नव्हतं. माझं अवसानच गळालं. मी रडत होते, देवाचा धावा करत होते, नीलला ओरडत होते आणि घटाघटा पाणी पीत होते, सगळं एकदमच. अर्ध्या तासात माझी बाटली संपली. नीलने आपली पुढे केली.

"तू घे, आई. मी ऑलरेडी प्यायलोय."

मी दोन घोट घेतले. मग त्याने मला गाडीच्या सावलीत बसवलं, चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडली आणि डब्यातलं स्टीलचं ताट घेऊन चाकांपुढची वाळू उपसायला लागला. गाडीतले मॅट काढून चाकांखाली सरकवले. घाई नाही, चिडचिड नाही. मी विचारलं, हे कुठे शिकलास?

"तुझ्या चॅप्टर सिक्समध्ये आहे. ट्रक रुततो, तेव्हा दगडू असंच करतो." मग वाळू उपसतच म्हणाला, "आय ऑलवेज वॉन्टेड टू बी दॅट गाय."

तीन आठवडे मी भरती ऑफिसला आणि त्याच्या मित्रांना शिव्या घालत होते. हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं होतं मी. दर शनिवारी पोळ्या करताना मी त्याला नवीन प्रकरण वाचून दाखवायची आणि पोरगं मन लावून मराठी ऐकतंय म्हणून खूश व्हायची.

मग तिथेच, वाळूत बसून, मी कादंबरीतून गाळलेलं त्याला सांगितलं. दगडू हा अण्णांचा जिवलग दोस्त. माझ्या कादंबरीत तो ट्रकवर उभा राहून झुंजत मरतो. खरा दगडू पोटात गोळी लागून अण्णांशेजारी पडला होता आणि पाणी मागत होता. अण्णांच्या बाटलीत अर्धं पाणी होतं. पुढचं पाणी कधी मिळेल ठाऊक नव्हतं. त्यांनी बाटली रिकामी आहे असं सांगितलं. मी नववीत असताना अण्णांनी हे एकदाच सांगितलं, मग पुन्हा कधीच नाही.

नील थांबला. "अँड अण्णा लिव्ड?"

"हो. त्या अर्ध्या बाटलीवर."

तो पुन्हा उपसायला लागला. दीड वाजता गाडी निघाली. हायवेवरच्या पहिल्या उघड्या दुकानात आम्ही थंड पाण्याच्या चार बाटल्या उभ्या उभ्या संपवल्या. जाणार असाल तर माणशी चार लिटर पाणी घ्या, ते आदल्या रात्रीच डिकीत ठेवा, आणि विसरलात तर दही खाल्लेलं असलं तरी मागे फिरा.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. नवऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पिशव्या आत नेल्या. मी बाटल्या धुवायला घेतल्या. नीलची सिंकमध्ये उलटी केली, तर पाणी येतच राहिलं. वाळूतून निघाल्यापासून ती सीटखाली तशीच पडून होती, जवळजवळ भरलेली. माझे दोन घोट तेवढे कमी होते. त्या अडीच तासांत, तेवढी वाळू उपसताना, तो एक थेंबही प्यायला नव्हता. मी नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

कुणालाही अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, मलाही वाटला. पण त्याहून जास्त धडकी भरली. अण्णा घरी परत आले, ते पाणी न देता आले. माझा मुलगा देणारा आहे.

सोमवारी सकाळी नील अंघोळ करून स्वयंपाकघरात आला आणि तळहात पुढे करून उभा राहिला. नखांत अजून वाळू होती. दही द्यायचं नाही असं मी रात्रभर ठरवलं होतं. फ्रीज उघडला, डबा काढला आणि चमचाभर दही त्याच्या हातावर ठेवलं.

"तिथे आपलं पाणी आधी आपण प्यायचं," मी म्हटलं. "कळलं?"

"हो, आई," तो म्हणाला. बाटलीतलं पाणी प्यायलोय म्हणाला होता, अगदी त्याच आवाजात.