पाच सात सात आठ

इनोके रोज पाच वाजता गाडी धुवायचा. का धुतोस विचारलं की म्हणायचा, "धूळ बसते." बसते ना, आपल्या बेटावर कोलोवाईच्या रस्त्यावर धूळ सगळ्यांच्याच गाड्यांवर बसते. पण बाकीचं गाव रविवारच्या प्रार्थनेआधी एकदा बादलीभर पाणी मारून मोकळं होतं. हा बाबा मात्र त्या जुन्या जपानी खटाऱ्याला रोज न्हाऊमाखू घालायचा, तेही नेमकं बहिणीच्या कुंपणाला चिकटवून. चारी दारं सताड उघडी आणि स्टिरिओ चालू.

स्टिरिओत त्याची मोठी बहीण गायची. अनासेइनीताई.

गळ्याच्या ऑपरेशननंतर ताईचा आवाज गेला तो गेलाच. आता बोलायला गेली की नुसती हवा येते. त्याआधी ती चर्चमध्ये गायला उभी राहिली की पाद्रीबुवा पोथीतली ओळ विसरायचे. दोन वर्षं झाली, पाच वाजले की ती ओसरीवर खुर्ची टाकते, तोंड दुसरीकडे करून बसते आणि स्वतःला ऐकते. इनोके टायर घासतो. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. आपल्या बेटावर बहीण म्हणजे मानाची; तिच्याशेजारी बसून भावाने गप्पा हाणायच्या नाहीत, थट्टा तर मुळीच नाही. लहानपणी एका चटईवर झोपलेली ही दोघं, पण इनोकेला मिशी फुटली तेव्हापासून त्यांचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. त्यामुळे गाडी धुणं हेच त्यांचं बोलणं होतं म्हणा ना.

ते गाणं जगात फक्त त्या गाडीत उरलं होतं. गायनस्पर्धेची एकुलती एक तबकडी, ती इनोकेने घातली एकदा गाडीच्या स्टिरिओत, त्याने तिच्यातली गाणी आपल्या पोटात उतरवून घेतली. मग या साहेबांनी तबकडी गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवली आणि तिचा पापड झाला. त्यावरून बायकोने, लेसिएलीने, त्याला महिनाभर सोलून काढलं होतं.

एवढ्यावर गप्प बसेल तर तो इनोके कसला! ताईला डाव्या कानाने कमी ऐकू येतंय असं लेसिएली बोलून गेली, झालं. कुठून तरी मोठा स्पीकर आणि ॲम्प्लिफायर पैदा केला आणि गाडीचा पुढचा भाग उचकटून बसला.

"बॅटरीची तार काढून ठेव आधी," लेसिएली म्हणाली.

"तू तारोच्या कंदांची सालं काढ. तारांचं मी बघतो."

बघितलं त्याने. स्टिरिओमागची पिवळी तार, जिच्यात गाडी बंद असतानाही वीज असते, तीच सोलली. हात घामेजलेला, तार सटकली, लोखंडाला टेकली. चट्! निळी ठिणगी, जळका वास आणि स्टिरिओचा पडदा काळा.

"काही नाही, फ्यूज उडाला असेल," इनोके म्हणाला. पण ओठ पांढरे पडले होते.

फ्यूज उडालाच होता. स्टेअरिंगखालच्या डबीतून काढला, उजेडात धरला, मधली पट्टी तुटलेली. नवा घातला, तोही उडाला. मग डोक्यात प्रकाश पडला की उघडी तार अजून लोखंडाला टेकलेलीच आहे. तिला टेप गुंडाळली. मागच्या दिव्याचा बल्ब काढून, त्याला दोन तारा जोडून, कुठपर्यंत वीज येते ते बोट बोट पुढे सरकत तपासलं. स्टिरिओपर्यंत येत होती. तिसरा फ्यूज बसवला आणि पडदा उजळला.

"लेसिएली! आला गं, आला!"

आला, पण गाणं नाही आलं. सगळी जपानी अक्षरं आणि खाली चार रिकामी घरं. इनोकेने १२३४ दाबलं. गाडीचं साल दाबलं. मग आणखी दोनदा रागाने काहीबाही दाबलं. आणि मग त्याला अक्कल सुचली, फोटो काढून मावसभावाला पाठवला. सामिसोनी जपानात रग्बी खेळतो, त्याला वाचता येतं.

फोन लगेच आला. "अरे बैला, हात काढ त्याच्यावरून! वीज तुटली की ते कुलूप लावून घेतं. पहिल्या मालकाने ठेवलेला आकडा मागतंय. पाचदा चुकलास की कायमचं बंद. किती झाले?"

"चार."

सामिसोनीने पलीकडून एक सणसणीत शिवी हासडली.

"गाणी आत आहेत का रे?" इनोकेने विचारलं.

"आहेत. पण दार बंद. गाडी जिथून आली तिथे विचारतो मी, आठेक दिवस दे. तोवर हात लावशील तर याद राख."

त्या संध्याकाळी गाडी मुक्याने धुतली गेली. ताई खुर्चीत अंधार पडेपर्यंत बसली. सकाळी लेसिएलीने जाऊन तिला सगळं सांगितलं. आकडा हवाय म्हणाली, पण एकच खेप उरलीय हे सांगायला विसरली. येताना हातात चिठ्ठी.

"वन्संनी दिलीय. घाल म्हणाल्या."

चिठ्ठीवर चार आकडे. ५ ७ ७ ८. आपल्या बेटावर गाणं आकड्यांतच लिहितात, सा म्हणजे तीन, रे म्हणजे चार. हे ताईच्या गाण्याचं तोंड होतं, ग प प ध. जन्मभर हेच आकडे गायलेल्या बाईला दुसरा कुठला आकडा सुचणार?

"नको घालूस," लेसिएली म्हणाली. "सामिसोनी काय म्हणाला?"

"ताईने सांगितलंय."

"त्यांना काय कळतंय त्यातलं! थांब ना आठ दिवस. मी सांगते त्यांना समजावून."

"काय सांगशील? भावाने तुझा शब्द टाकला म्हणून?"

लेसिएलीने चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली.

त्याने पाच दाबला. सात. सात. आठ दाबताना बोट जरा थांबलं. पडद्यावर एक लाल ओळ आली आणि मग काहीच नाही. किल्ली फिरवली, फ्यूज काढून परत घातला, तरी ती लाल ओळ तशीच. कुंपणापलीकडे ताई ओसरीवर उभी होती, आज पहिल्यांदाच तोंड इकडे करून.

"तिला सांग, आकडा बरोबर होता," इनोके हळूच म्हणाला. "मशीनच जळलंय म्हणावं. माझ्या हातून."

लेसिएली गेली, सांगून आली. ताईने नुसती मान हलवली म्हणे.

सामिसोनीचा फोन वाजला की इनोके उचलत नाही. पाच वाजता गाडी मात्र कुंपणाशी नेतो, चारी दारं उघडतो. पहिले चार दिवस ताई खुर्ची घेऊन आली. पाचव्या दिवशी आली, उभी राहिली, आणि खुर्ची उचलून आत घेऊन गेली. इनोकेने मान वर केली नाही. एकच टायर घासत राहिला, बादलीतलं पाणी संपलं तरी.