अकरा सेकंदांवर अडकलेला फळा

ऑफिसात तिला कंजूसबाई म्हणत. पैशांची नव्हे हो, कॉम्प्युटरच्या मेमरीची कंजूस! ॲम्ब्युलन्स बोलावायच्या फोनकेंद्रात चाळीस लायनी होत्या. प्रत्येक लायनीवर माणूस किती वेळ ताटकळलाय याची दर सेकंदाला नोंद यायची. सगळ्या नोंदी साठवायला ते जुनं मशीन कुठलं पुरतंय? म्हणून बाईंनी प्रोग्रामात सगळ्या नोंदींऐवजी मोजून पाच खुणेचे आकडे ठेवले. नवी नोंद आली की खुणा जराशा सरकायच्या आणि शंभरातल्या नव्याण्णव नोंदी किती सेकंदांच्या आत आहेत ते भिंतीवरचा फळा सांगायचा. आलेल्या नोंदींच्या मोजणीसकट सगळे आकडेही तिने आखूड दशांशी जातीचे, म्हणजे थोडेच अंक लक्षात ठेवणारे, घेतले. निम्मी जागा वाचली म्हणून चार दिवस मिरवली.

त्याच केंद्रात तिची थोरली बहीण फोन घ्यायची. तीन आठवडे ती म्हणत होती, "अगं, लोक ताटकळतायत. घसा बसला माझा."

"ताई, फळा बघ. अकरा सेकंद. तुला आपलं उगाच वाटतं."

आणि त्याच अकराच्या जोरावर साहेबांनी फोनवरची दहा माणसं कमी करायचं ठरवलं. यादीत ताई होती. सही अकरा वाजता.

साडेनऊला बाईंची नजर फळ्यावर अडली. तीन आठवडे अकरा म्हणजे अकराच? एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही? तिने मोजणीचा आकडा उघडला. एक कोटी सदुसष्ट लाख सत्याहत्तर हजार दोनशे सोळा. पुन्हा बघितलं, तोच. आखूड दशांशी आकड्याची धाव तिथंच संपते. पुढे एक मिळवला तरी तो तेवढाच राहतो. पाचव्या दिवशीच मोजणी थिजली होती आणि तिच्याबरोबर खुणाही.

मोजणी तिने पूर्णांकात घेतली. खुणांची रीतही टाकून दिली, कारण जुन्या नोंदींच्या ढिगात आजचा दिवस बुडून जात होता. आता दर तासाचा छोटा सारांश वेगळा, आणि शेवटी त्या-त्या दिवसाच्या सारांशांची जुळणी. फोन कंपनीकडे असलेल्या लायनींच्या जुन्या फायली मागवून त्यातून घातल्या. अकराला पाच कमी असताना उत्तर आलं: चौऱ्याण्णव सेकंद.

ती धावतच साहेबांच्या खोलीत शिरली. "सही करू नका! आकडा खोटा आहे."

"कोणी केला खोटा?"

"मी. जागा वाचवायला गेले आणि मोजणीच बंद पाडली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने ताईला सगळं सांगितलं. थिजलेला आकडा, मिळवूनही न वाढणारा एक, सगळं. ताई खाली मान घालून ऐकत होती. तिला ना राग आला, ना हसू.

"तीन आठवडे रोज सांगत होते तुला," ती बसलेल्या घशाने म्हणाली. "मिळवूनही फरक न पडणारा तो एक मीच होते बघ."