पाचवा रकाना

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ, लिंबायतमधली आमची उपासनेची खोली. हजर: पाळक, पाळकबाई, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्या दोघी बहिणी, इच्छापोरला क्रेन चालवणारे काका आणि मी. उपासनेनंतर विषय एकच होता: आदल्या दिवशी दाराशी परत आलेली धान्याची पिशवी.

आमच्या मंडळीत मूठ काढायची रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. रविवारी सगळे डबे एका पिंपात रिकामे होतात आणि ज्या घरी चूल अडली असेल तिथे ते धान्य जातं. कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा जाडा. शिजवताना एकाचा लगदा होतो, दुसरा कच्चा राहतो, पण पोट भरतं. वाटपाची वही माझ्याकडे असते. मी वही आखते ती नीटच आखते.

पिशवी परत करणारी बाई माझ्याच गल्लीतली, धुळ्याकडची. तिच्या नवऱ्याचा हात लूममध्ये सापडला आणि तो घरी बसला. पदरात दोन लहान मुली. मी तीन आठवडे धान्य पोचवलं. तिसऱ्या खेपेला तिच्या उंबऱ्यातच नोंद करायला वही उघडली. नाव, खोली, धान्य, तारीख, आणि पाचवा रकाना: प्रार्थनेला आले का. तिच्या नावापुढे दोन फुल्या होत्या. ती सातवी शिकलेली आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"ताई, हाई काय लिखेल शे?"

मी सरळ सांगितलं, की सुवार्ता सांगणं हे आमचं काम आहे, म्हणून नोंद ठेवते. शनिवारी पिशवी दाराशी आली, गाठसुद्धा न सोडलेली. पाळकबाई संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आल्या. मुली चहात टोस्ट बुडवून जेवण भागवत होत्या.

बैठकीत मी माझी बाजू मांडली. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच आभार मानायला परत आला, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभूनेच विचारलं होतं ना?

"विचारलं," काका म्हणाले. "पण त्या नवांचा रोग त्यांना परत दिला नाही. तू वही घेऊन स्वर्गात जाशील, बाई, आणि दाराशी हजेरी घेत बसशील."

दोघी बहिणी तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग आलं नाही. पाळकांनी एवढंच विचारलं, की आता तिच्याकडे कोण जाणार? चूक माझी होती, तेव्हा मीच उठले.

दुपारी गेले ती पिशवी घेऊन, वही घरी ठेवून. पाचव्या रकान्यावर शाई फिरवली होती, ते तिला सांगितलं आणि माफी मागितली.

"भूक लागनी म्हनीसन लिधं, ताई. देव बदलाले नै."

मी म्हटलं, बरोबर आहे. येशूबद्दल तुला सांगावं असं मला वाटतं, ते मी लपवणार नाही. पण तांदूळ त्यासाठी नाही. तू एक शब्द ऐकला नाहीस तरी दर रविवारी येईल. हे मी तेव्हा मनापासून बोलले आणि आजही माझं मत तेच आहे. देणं हे देणंच असलं पाहिजे, तरच आमच्या सांगण्याला काही वजन.

तिने पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, की घरातली कानबाई देवी घरातच राहील. तुमच्या देवाचं तुम्ही चहाला येऊन सांगा, मी ऐकेन. पण नुसतं घेत राहणं तिला जमणार नव्हतं. मूठ तीही काढणार होती, याच तांदळातून. तिने गाठ सोडली, धाकटीला तपेलं आणायला पाठवलं.

त्यानंतर चहा दोनदा झाला. तिच्यासाठी मुठीचा डबा मात्र अजून पोचवायचा आहे. झाकण घट्ट बसणारा हवा, तिच्या खोलीत उंदीर फार आहेत.