पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतल्या एका मेडिकलमध्ये मी चौदा वर्षं काउंटरला उभी आहे. बाई पायरी चढतानाच मला कळतं काय मागणार ते. डोकेदुखीची गोळी हवी असली की ती सरळ येते, मोठ्यानं मागते. ही मात्र आधी शाम्पूच्या पुड्या चाचपत बसते, दुकानातला पुरुष जाईपर्यंत थांबते आणि मग वाकून म्हणते, "ताई, ती पुढं ढकलायची गोळी हाय का?" म्हणजे पाळी पुढं ढकलायची. कुणाच्या घरी सत्यनारायण, कुणाकडं जत्रा, कुणाच्या दिराचं लग्न. मी गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. डॉक्टरची चिठ्ठी कुणी आणत नसे आणि मी मागत नसे. वर मलाच शहाणपण सुचायचं, "तीन दिवस आधी चालू करा हं!"

सगळ्यात जास्त गोळ्या मी दिल्या असतील तर माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. माहेर आमचं शिनोली. तिला बेल्ह्याला दिली, मला जुन्नरला. बेल्ह्याच्या बैलबाजारात तिचं नि दाजींचं भज्यांचं दुकान लागायचं. कढईसमोर उभी राहिली की भले भले व्यापारी तिच्यापुढं गप्प. "ओ पावणं, बैलाचे दात बघितल्यासारखं भजं काय उलटंपालटं करताय? खायाचं तर खा, न्हाई तर सरका!" असं तिचं तोंड. आणि सासरी शिवाशिव अशी कडक, की पाळी आली की चार दिवस चुलीला हात लावायचा नाही, तेलाच्या डब्याला शिवायचं नाही. मग बाजाराच्या दिवशी कढईला उभं कोण राहणार? म्हणून गोळी. नवरात्रात गोळी. लेकीच्या लग्नात देवक बसवायचं म्हणून पुन्हा गोळी. जिला सारं गाव घाबरायचं ती चार दिवसांच्या बाजूला बसण्याला घाबरायची, याचा मला तेव्हाही राग यायचा. पण गोळ्या मी देतच राहिले.

चव्वेचाळिशीत तिचं तंत्र बिघडलं. पंधरा दिवसांत दोनदा यायची, आली की दहा दहा दिवस जायची नाही. मधेच कधीही रक्त लागायचं, गाठी पडायच्या. बाजारात काळं लुगडं नेसून जायला लागली तेव्हा मला शंका आली. जिना चढताना तिला दम लागत होता, ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं की एकच, "अगं, पाळी जायच्या आधी असंच व्हतं. आईचं न्हाई का झालं?" दुखणं अंगावर काढायचं हा तर आमच्या घराण्याचा कुळाचार. वर तिला धास्ती, की दवाखान्यात गेलं की पिशवी काढतात. तिच्या जावेची काढली होती. मी चिडून म्हटलं, "तुझी पिशवी काय सोन्याची आहे का? चल गपगुमान!" आणि बाईडॉक्टरकडं तिचा नंबर लावला.

त्या तारखेच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला. एक पाकीट पाठव. मी विचारलं, "आता कसलं कार्य?" ती म्हणाली, "हाय एक." येणाऱ्या नातेवाइकाच्या हाती मी पाठवून दिलं.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर ती माझ्या कानाशी लागली. "बरं झालं बाय, थांबलंय. तसल्या अवतारात त्या बाईम्होरं कशी झोपणार व्हते मी? लाज न्हाई का वाटत?"

देवासाठी घ्यायची ती गोळी तिनं डॉक्टरसाठी घेतली होती. तपासणीला जायचं म्हणून, जे तपासायचं तेच बंद करून आली होती. "अगं येडे!" एवढंच मी म्हणाले, तेवढ्यात नंबर पुकारला.

डॉक्टर तरुण होती, पण सबुरीची. शेवटची पाळी कधी आली? किती दिवस अंगावरून जातं? दिवसाला किती पॅड लागतात? गाठी पडतात का? मधेच लागतं का? आक्काचं सगळ्याला एकच उत्तर, "आता बरं हाय." डॉक्टरनं लघवीची तपासणी सांगितली, दिवस गेलेत का बघायला, तेव्हा मात्र पदर तोंडाला लावून हसली. "अवं, जावई आला मला!" मग डॉक्टरनं विचारलं, "पाळीच्या कुठल्या गोळ्या घेता का?"

"न्हाई."

टेबलाखाली तिनं माझा गुडघा दाबला. मी खाली फरशीकडं बघत बसले. तिच्यासाठी गप्प बसले असं इतके दिवस स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. चिठ्ठीशिवाय गोळ्या कुणी दिल्या, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि मला माझी नोकरी दिसली.

अंगात रक्त फार कमी निघालं. सोनोग्राफीत शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहायला सांगितल्या. "पुन्हा जास्त गेलं किंवा मधेच लागलं तर लगेच या. मग पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुना काढून तपासू." बाहेर आल्यावर आक्का म्हणते, "ज्या कॅलेंडरात सासरा तिथी बघतो, त्यावर ह्या खुणा करू व्हय?" आम्ही दोघी हसलो. दवाखान्यासमोर उसाचा रस प्यायलो. पिशवी वाचली म्हणून ती इतकी खूश होती, की रसाचे पैसे तिनंच दिले.

गोळ्या थांबल्यावर पुन्हा लागलं, पण मला तिनं कळवलं नाही. मी रागावेन म्हणून गोळ्याही मग दुसरीकडून आणायला लागली. मी फोनवर विचारायचे, ती म्हणायची बरं हाय, आणि मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. सात महिन्यांनी भर बाजारात ती कढईजवळ कोसळली. नशीब, तेलात पडली नाही असं लोक म्हणाले.

या वेळी नमुना काढला. निकाल कॅन्सरचा आला त्या दिवशी डॉक्टरनं जुना कागद उघडला, त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: गोळ्या नाहीत. मी तिथंच सगळं सांगून टाकलं, नोकरी गेली तर जाऊ दे म्हणून. डॉक्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, "गोळ्यांमुळं झालं का?" ती म्हणाली, "गोळ्यांनी झाला असं नाही म्हणत मी. गोळ्यांनी झाकला. तेव्हा कळलं असतं तर त्याच आठवड्यात नमुना घेतला असता." पुण्याला पिशवी काढली, पण तोवर आजार पिशवीच्या बाहेर गेला होता. आक्का एकदाच म्हणाली, "तू बोलली असतीस तर मी तुला मारलं असतं बघ." हसली, आणि तोंड भिंतीकडं केलं. मला त्या माराची फार आठवण येते. चार महिन्यांत ती गेली.

तिच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी बेल्ह्याला माणसांनी घर भरलं होतं. मी मागच्या पडवीत लसूण सोलत बसले होते. आक्काची लेक आली, बावीस वर्षांची, वर्षाची सासुरवाशीण. इकडं तिकडं बघून माझ्याजवळ वाकली. तिचं ते वाकणं बघूनच माझे हात थांबले.

"मावशे, एक गोळी असंल का गं? उद्या पान वाढायचंय आईचं. सासरची माणसं येत्यात."

"नाही," मी म्हणाले. "तशीच वाढ. तुझ्या आईला तुझा विटाळ नाही व्हायचा."

तिला रडू फुटलं. मी तिला जवळ बसवलं, डोळे पुसले आणि विचारलं, "शेवटची कधी आली होती? दिवस किती जातं? मधेच लागतं का?"

पोरीनं फरशीकडं बघितलं.

"बरं हाय," ती म्हणाली.

अगदी आईच्याच आवाजात. मी तिचे दोन्ही हात लसणाच्या वासाच्या माझ्या हातांत घट्ट धरले.

"माझ्याकडं बघ. खरं सांग. तुझ्या आईच्या वेळी मी शेजारी बसून गप्प राहिले होते."